बशीच्या कडेला लिंबू

लिंबाची फोड बशीच्या कडेला तशीच ठेवलेली दिसली की मला अजूनही ती तशी बघवत नाही. हॉटेलात असो, कुणाच्या घरी असो, मी आधी ती उचलतो आणि समोर जे असेल त्यावर पिळून मोकळा होतो. बायको म्हणते, "अरे, दुधाच्या चहात कशाला पिळतोस?" तिला कारण माहीत आहे, तरी विचारते. कारण म्हणजे डॉक्टर सुजाता वानखेडे. या बाईंनी एका रविवारी दुपारी, पोहे खाता खाता, आमच्याकडून जे करवून घेतलं ते मला आजही पचलेलं नाही.

सुजाताताई बर्मिंगहॅममध्ये डोळ्यांच्या सर्जन होत्या. मूळच्या नागपूरच्या. उंचीनं बेताच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. दिवसभर लोकांचे मोतीबिंदू काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन अमेरिकन फुटबॉलवर वाद घालायचा, हे त्यांचं आयुष्य. अमेरिकन फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा तो नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर गाद्या, आणि अंडाकृती चेंडू हातानं फेकायचा. इथले इंग्रज या खेळाला नाकं मुरडतात. ताई तरुणपणी वर्षभर अमेरिकेत शिकायला होत्या, तिथल्या घरमालकिणीनं त्यांना हे वेड लावलं. त्या गावचा जो संघ तोच आयुष्यभर त्यांचा संघ. त्याचं नाव मी सांगत नाही. आमची लाज आमच्यापुरतीच बरी.

माझी त्यांची ओळख चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात झाली. माझा मित्र शेखर मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, तो मला हॉलवर घेऊन गेला होता. मी डोक्यावर त्याच संघाची टोपी घालून गेलो होतो. स्टेजमागे एका पोरीच्या नाटकातल्या झग्याची शिवण उसवली होती आणि ताई उभ्या उभ्या ती शिवत होत्या. चष्मा डोक्यावर, लाईट यथातथाच, आणि सुईत दोरा एका फटक्यात गेला. मी बघतच राहिलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "टोपी आवडली म्हणून घेतली, की मनापासून?"

"मनापासून," मी म्हटलं.

"मग सांग, आपला जावई टिकणार आहे का?"

मला वाटलं, बाईंच्या मुलीच्या संसारात काही बिनसलंय आणि त्या पार्किंगचा दंड लावणाऱ्या एका परक्या माणसाला सल्ला विचारतायत. मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पार्किंग खात्यात आहे. लोक मला शिव्या घालतात, त्यामुळे कुणी आपुलकीनं बोललं की मी आधी घाबरतो. शेखर माझ्या कानात म्हणाला, "क्वार्टरबॅकबद्दल विचारतायत."

क्वार्टरबॅक म्हणजे त्या खेळातला मुख्य माणूस. हत्तीएवढी माणसं अंगावर धावून येत असतात आणि यानं शांत उभं राहून ठरवायचं, चेंडू कुणाकडे फेकायचा. तो मोडला की संघाचा हंगाम संपला. ताई त्याला जावई म्हणत. भरपूर पैसे मोजून घरात आणायचा, त्याचे लाड करायचे, आणि तो पुढच्याच महिन्यात गुडघा धरून सोफ्यावर बसायचा. "रूप नको सांगू मला," त्या म्हणायच्या, "टिकाऊपणा सांग." हा प्रश्न त्या सगळ्यालाच लावत. नवा बॉयलर, नवा पंतप्रधान, कुणाचं ठरलेलं लग्न. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाला तोंडावर विचारलं होतं, "पाठ कशी आहे?" तो बिचारा सरळ उभा राहिला.

खरी गंमत होती ती त्यांच्याकडच्या मार्चातल्या पोह्यांची. लोक हंगामात सामने बघायला जमतात. ताईंकडे आम्ही हंगाम संपल्यावर जमायचो. मार्चमध्ये अमेरिकेत खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू होते, कोण कुठल्या संघात जाणार याची धांदल उडते. ताईंचं म्हणणं, हे तर बघण्याचे कार्यक्रम आहेत, मग पोहे हवेतच. रविवारी दुपारी बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातल्या त्यांच्या घरी आम्ही तिघं जायचो. मी, शेखर, आणि रोहन. रोहन इथेच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट, वयानं आमच्यापेक्षा बराच लहान. त्याचं मराठी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात जेवढं ऐकलं तेवढंच. पोहे प्रकाशराव करायचे. प्रकाशराव म्हणजे ताईंचे यजमान, बँकेतून रिटायर झालेले, या खेळातलं ओ की ठो कळत नसलेले आणि कळून घ्यायची इच्छाही नसलेले. पोहे मात्र असे करायचे की खेळ चुलीत जावो, बशी पुढे येऊ दे.

नियम ताईंचे. एकेकानं एकेक खेळाडू मांडायचा, स्थळ मांडतात तसा. पण त्याचं नाव सांगायचं नाही, संघ सांगायचा नाही. फक्त वय, सवयी, दुखणी. "नाव ऐकलं की माणूस प्रेमात पडतो," त्या म्हणायच्या, "आणि प्रेमात पडला की त्याला गुडघा दिसत नाही." मग वाद. मग प्रकाशराव लिंबाच्या ताज्या फोडी फिरवायचे. पोह्यांवर पिळली तर होकार. बशीच्या कडेला ठेवली तर नकार. आणि नंतर नाव उघड करायचं. एकदा ठेवलेली फोड परत उचलायची नाही, हा शेवटचा नियम.

शेखरनं तोवर एकही फोड कडेला ठेवली नव्हती. माणूसच तसा, कुणाला नाही म्हणता येत नाही. त्याचे पोहे शेवटी इतके आंबट व्हायचे की तो डोळे मिटून खायचा. ताई त्याला छळायच्या, "काहून रे शेखर, तुझ्या घरात किती जावई पोसून राहिला तू?" तो हसायचा आणि पुढची फोड पिळायचा.

एका वर्षी मोठं भांडण झालं. आमच्या संघाचा म्हातारा क्वार्टरबॅक, ज्यानं इतकी वर्षं आम्हाला हसवलं-रडवलं, तो आणखी एक हंगाम खेळणार म्हणून जाहीर झालं. शेखरच्या डोळ्यांत पाणी होतं. ताई भडकल्या होत्या.

"त्याचा हात गेलाय," त्या म्हणाल्या. "चेंडू सोडताना मनगट अडखळतं त्याचं. मला दिसतं आणि कोचला दिसत नाही?"

"अहो ताई, लेजंड आहे तो," शेखर म्हणाला.

"लेजंडला पेन्शन द्या, पुतळा उभारा. चेंडू नका देऊ." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला एक सांगा, स्वतःहून उतरलेला एक तरी पाहिला का तुम्ही? सगळे हात धरून उतरवावे लागतात. कुणी तरी त्याला खरं सांगायला पाहिजे, पण त्याच्याभोवती सगळे शेखर."

शेखरला हे लागलं. जाताना त्यानं नेहमी घरी न्यायला मिळणारा डबा नेला नाही. ताईंनी दुसऱ्या दिवशी पोह्यांचा डबा त्याच्या कारखान्याच्या गेटवर नेऊन दिला आणि वॉचमनला सांगितलं, हा त्या रडक्या इंजिनिअरला द्या. त्यांचं रागावणं हे असं होतं. तोंडानं फटकारायचं आणि मागच्या दारानं येऊन जेवायला घालायचं.

याच सुमारास माझ्या आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन ताईंनी केलं. आई बरीच वर्षं आमच्याकडेच राहते. सदाशिव पेठेत उभा जन्म गेलेली बाई, कुणाचं कौतुक सहजासहजी करणारी नव्हे. पण पट्टी निघाल्यावर तिनं खिडकीतून समोरच्या घराच्या कौलांवरचं शेवाळ पाहिलं आणि म्हणाली, "त्या नागपूरच्या पोरीच्या हातात काही तरी आहे. दुसरा डोळाही तिच्याचकडून. दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही." दुसऱ्या डोळ्याची तारीख एप्रिलमध्ये मिळाली. आईनं कॅलेंडरवर त्या दिवसाला हळदीचं बोट लावलं.

आता त्या रविवारचं सांगतो.

आम्ही नेहमीसारखे जमलो. मी एक स्थळ मांडलं, उडालं. रोहननं एक मांडलं, शेखर सोडून सगळ्यांनी फोड कडेला ठेवली. तेव्हा मला एक गोष्ट दिसली होती, पण मी तिला काही किंमत दिली नाही. चहा नेहमी ताई ओतायच्या, त्या दिवशी प्रकाशरावांनी ओतला. आणि प्रकाशराव, जे फोडी देऊन लगेच आत जात, ते दारातच उभे होते.

"आता माझा," ताई म्हणाल्या. बशी मांडीवर घेतली. "अनुभव भरपूर. या कामात जेवढं वय चालतं त्याच्या शेवटाकडे आलेला. पण इतक्या वर्षांत दुखापत नाही, सामना चुकलेला नाही. रेकॉर्ड बघाल तर तोंडात बोट घालाल."

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"उजवा अंगठा. चेंडू सोडायच्या क्षणी थरथरतो. अगदी बारीक. बाकी कुणाला दिसलेलं नाही, त्याचं त्यालाच कळलं. चूक अजून एकही झालेली नाही. कळल्या दिवसापासून त्यानं चेंडूला हात लावलेला नाही, सुट्टी घेऊन बसलाय. आता परत उतरायचं की नाही, एवढाच प्रश्न."

रोहन पुढे सरकला. त्याच्या कामातला विषय. "मावशी, स्कॅन केला? डॉक्टर काय म्हणाली?"

"वाढत जाईल म्हणाले. सावकाश. गोळी घेतली तर सध्या थांबते. एखादा हंगाम निघेल, कदाचित दोन."

"मग घ्या की," शेखर म्हणाला. "गोळ्या काय, सगळेच घेतात. आणि चूक तर झालेली नाही ना अजून?"

"चूक व्हायची वाट बघायची का?" मी म्हटलं. मला त्या दिवशी चांगलाच जोर चढला होता. "ताईंचंच वाक्य आहे, पेन्शन द्या, चेंडू नका देऊ."

"पण गोळीनं थांबतंय ना."

"आणि गोळीचा असर ऐन वेळी उतरला तर? शेखर, अरे, चेंडू झेलणारा पोरगा मागे वळूनसुद्धा बघत नाही. तो याच्या हातावर भरवसा ठेवून जीव तोडून पळत असतो. त्या पोराचं काय? यानं स्वतःला माहीत असून फेकायचं, आणि आपटणार तो पोरगा?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, मुद्दा आवडला. मी खूश झालो. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्कटात मारावीशी वाटते.

रोहन माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला, "मिलिंददादा बरोबर आहे. हे असा असतो तर मी पण त्याला क्लिअर नाही करणार."

प्रकाशरावांनी फोडी फिरवल्या. मी ठेवली कडेला. रोहननं ठेवली. शेखर फोड बोटांत धरून बसून राहिला. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यानं ती हळूच कडेला ठेवली आणि म्हणाला, "त्या पळणाऱ्या पोराचं पटलं मला."

मी तर टाळी दिली त्याला.

"ओके, कोण आहे?" रोहननं विचारलं. "सांग आता, नाव सांग."

ताईंनी बशी टेबलावर ठेवली. पदरानं नव्हे, कारण साडी त्या फक्त जयंतीला नेसत, कार्डिगनच्या बाहीला हात पुसले आणि उजवा हात आमच्यासमोर धरला. बोटं सरळ केली. अंगठ्याचं टोक हलत होतं. सांगितलं नसतं तर दिसलंही नसतं.

"सुजाता वानखेडे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी डिपार्टमेंटला सांगते. ऑपरेशन बंद."

मला आधी कळलंच नाही. शब्द कानावर पडले, आत शिरले नाहीत. प्रकाशराव दारात उभे होते, हातात ती फोडींची वाटी, आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या लक्षात आलं की त्यांना सगळं माहीत होतं. ते आमच्याकडे बघत होते, आमच्यातला एक जण तरी पिळेल या आशेनं ते मघापासून उभे होते.

शेखरनं झडप घालून फोड उचलली आणि पोह्यांवर पिळायला लागला. पोहे केव्हाच संपले होते. रिकाम्या बशीत तो लिंबू पिळत होता आणि रस त्याच्या मनगटावरून बाहीत जात होता.

"ठेव रे शेखर," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. "उचलायची नसते."

मला राग आला. खरं सांगतो, वाईट नंतर वाटलं, आधी राग आला. "ताई, ही काय पद्धत झाली? आम्हाला सांगायचं होतं सरळ. आम्ही काय तुमचे—"

"सरळ सांगितलं असतं तर तुम्ही तिघांनीही लिंबू पिळलं असतं," त्या म्हणाल्या. "मी कुणाला विचारू, सांग ना. हे म्हणतात, गोळी घे आणि चालू ठेव. डिपार्टमेंटमधले माझ्या तोंडावर खरं बोलणार नाहीत, निम्म्यांना मी शिकवलंय. आणि मी स्वतः, बाप्पा, मी तर रोज सकाळी उठून स्वतःला एक हंगाम वाढवून देऊन राहिली. खेळाडूंबद्दल तेवढं तुम्ही खरं बोलता. म्हणून विचारलं."

मग त्या रडल्या नाहीत, भाषण केलं नाही. प्रकाशरावांना म्हणाल्या, "अहो, चहा ठेवा अजून एक." प्रकाशराव आत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

निघताना दारात त्यांनी मला थांबवलं. माझ्या डोक्यात तोवर आईचा विषयच आला नव्हता. त्यांच्या डोक्यात तो पहिल्यापासून होता. "आईंचा डोळा ग्रेस करेल," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताखालची. हात चांगला आहे तिचा, आणि टिकेल." मी गाडीत बसलो आणि किल्ली लावायचं सुचेना. चेंडू झेलणारा पोरगा म्हणून मी जो जीव तोडून मांडत होतो, तो पोरगा म्हणजे माझी आई होती. मी तिचीच बाजू लढवली होती, आणि त्यातून तिचा भरवशाचा हात काढून घेतला होता.

आईला मी एवढंच सांगितलं की ताई रिटायर झाल्या. आईनं सरळ सांगितलं, मग ऑपरेशन रद्द करा, एका डोळ्यानं माझं भागतंय. दोन आठवडे मी समजावलं, बायकोनं समजावलं. आईनं कॅलेंडरवरचं हळदीचं बोट ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. शेवटी मी नाक मुठीत धरून ताईंना फोन केला.

"मी येते," त्या म्हणाल्या. "हात धरायला."

हे ऑपरेशन पेशंट जागा असतानाच होतं. चेहऱ्यावर कापड, हलायचं नाही, बोलायचं नाही. म्हणून शेजारी स्टुलावर एक माणूस बसतो आणि पेशंटचा हात धरतो. खोकला आला, काही दुखलं, तर हात दाबायचा. बहुतेक वेळा कुणी स्वयंसेवक असतो. तीस-तीस वर्षं ज्या खोलीत त्या मधल्या खुर्चीवर बसल्या, त्या खोलीत सुजाताताई कडेच्या स्टुलावर बसायला तयार झाल्या. आई हे ऐकून उठली आणि पुन्हा हळदीचं बोट लावायला कॅलेंडरकडे गेली.

त्या उन्हाळ्यात ताई आणि प्रकाशराव मँचेस्टरला मुलीजवळ राहायला गेले. फोन होतात, पण मार्चातले पोहे काही पुन्हा झाले नाहीत. शेखर एकदा म्हणाला होता, आपण करू या का. मी विषय बदलला. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या हॉस्पिटलमधल्याच. आईला आत नेलं तेव्हा दार क्षणभर उघडं राहिलं. मला ग्रेसची पाठ दिसली, मोठा दिवा दिसला, आणि बाजूला स्टुलावर हॉस्पिटलचे निळे कपडे घातलेल्या, टोपीखाली केस दडवलेल्या ताई दिसल्या. त्यांचं लक्ष ग्रेसच्या हातांकडे होतं, अगदी सामना बघावा तसं. मग दार मिटलं.

तासाभरानं आई बाहेर आली. डोळ्यावर प्लॅस्टिकचं झाकण, हातात चहा, बशीत दोन बिस्किटं. मी विचारलं, "दुखलं का? भीती वाटली?"

"मला कसली भीती," आई म्हणाली. "ती तुझी नागपूरची पोरगीच घाबरली होती रे. हात नुसता थरथरत होता तिचा माझ्या हातात. एवढी मोठी डॉक्टर, पण बसून बघायची सवय नसेल बिचारीला. बोलायचं नव्हतं, पण मी हळूच म्हटलं, घाबरू नकोस बाई, काही होत नाही, मी आहे ना. घट्ट धर माझा हात."

"मग?"

"मग धरला," आई बिस्किट चहात बुडवत म्हणाली. "सगळं आटपलं, ती दुसरी डॉक्टरीण हातमोजे काढून गेलीसुद्धा, तरी सोडला नाही तिनं."